हिरवळीवर गोधडी

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकटीने मला विचारलं की आजी, तुझ्या घरासमोर पार्क आहे का? तिच्या मागच्या खिडकीतून तुमचं पार्क दिसत होतं, तळं, बदकं आणि गवत इतकं सारखं कापलेलं की मला क्षणभर हेवा वाटला. मी म्हटलं, "आहे एक लहानशी बाग. सांगण्यासारखं त्यात काही नाही." फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे उत्तर चुकलं. मी सगळी नोकरी दुसऱ्यांची चुकलेली उत्तरं लाल शाईने दुरुस्त करण्यात घालवली. स्वतःचं तसंच सोडून देणं बरं दिसत नाही. शिवाय ही बाग कशी झाली आणि कशी टिकली हे ठाऊक असलेली माणसं आता कॉलनीत फारशी उरलेली नाहीत, आणि जी उरली आहेत ती ही हकिगत सांगताना मला फार हसतात. म्हणून मीच लिहून पाठवते आहे. निदान किती हसायचं ते माझ्या हातात राहील. तुमचे बाबा वाचून दाखवतील. ते मध्येच थांबून हसायला लागले तर त्यांना पुढे वाचायला सांगा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही गंगापूर रोडपासून जरा आत घर बांधलं. आमच्या पुढे दोन गल्ल्या संपल्या की द्राक्षांचे मळे लागायचे. घरासमोर एक मोकळा प्लॉट होता. नकाशात त्यावर 'ओपन स्पेस' असं लिहिलं होतं, आणि मी त्या शब्दांवर फार विश्वास ठेवला होता. प्रत्यक्षात तिथे कमरेएवढं गाजरगवत होतं, ज्याच्या त्याच्या बांधकामातून उरलेले विटांचे तुकडे होते, कोपऱ्यात एक जुना कडुलिंब होता आणि लिंबाखाली कुणाच्या तरी म्हशी बसलेल्या असत. पावसाळ्यात तिथली काळी माती चप्पल धरून ठेवायची. एक सोडवायला वाकलं की दुसरी रुतायची. मुलं तिथेच क्रिकेट खेळायची, तुमचे बाबाही. आपण चांगले खेळायचो असं ते तुम्हाला सांगतील. आमच्या खिडकीच्या काचांचं मत वेगळं होतं.

तुमचे आजोबा ओझरच्या विमान कारखान्यात होते. सकाळी बसने जायचे, संध्याकाळी परत. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझं स्वतःचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, आणि त्याचा परिणाम माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला होता. मसाल्याच्या डब्यांवर मी इंग्रजीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि डबे इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने लावले होते. त्यामुळे वर्षातून दोनदा लागणारं शहाजिरं अगदी हाताशी असायचं आणि रोजची हळद काढायला स्टुलावर चढावं लागायचं. ही व्यवस्था मी पाहुण्यांना मुद्दाम दाखवत असे.

अशा घरात माझ्या सासूबाई, म्हणजे तुमची पणजी, राहायला आल्या. त्या देवळ्याजवळच्या एका खेड्यातल्या. तुमचे पणजोबा गेल्यावर त्या गावच्या घरात एकट्याच राहत होत्या. एकदा चुलीपाशी चक्कर येऊन पडल्या आणि शेजारणीला ते कळायला दुपार उलटली. तेव्हा आजोबा जाऊन त्यांना घेऊन आले. एक पत्र्याची पेटी, एक कांद्याचं पोतं आणि त्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझे डबे वासाप्रमाणे लावले. मी ते परत माझ्या क्रमाने लावले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वासाप्रमाणे. या विषयावर आम्ही दोघी एक शब्दही बोललो नाही. दोन शिस्तीच्या बायकांना एक स्वयंपाकघर पुरत नाही, एवढं मात्र मला तेव्हाच कळलं.

त्यांची खरी अडचण डब्यांची नव्हती. त्यांना बोलायला माणूस नव्हतं. आजोबा ओझरला, मी शाळेत, तुमचे बाबा कॉलेजात. त्या बाहेरच्या पायरीवर बसायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायच्या, कुठलं गाव? लोक म्हणायचे, इथलंच, आणि पुढे निघून जायचे. गावाकडे या प्रश्नाचं उत्तर अर्धा तास चालतं. त्यात मामाचं गाव येतं, बहीण कुठे दिली ते येतं, यंदा कांद्याचं कसं झालं ते येतं. इथे एका शब्दात संपायचं. त्यांचं जेवण कमी झालं. एक दिवस ताटावरच म्हणाल्या, "आखाजी झाली का मी जाते गावाला. भिंतीसंगं किती बोलायचं मानसानं?"

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्यांच्या भागात तो दिवाळीइतका मोठा सण. आजोबा त्या रात्री नीट जेवले नाहीत. मला म्हणाले की आई तिथे एकटी असली तर मला कारखान्यात मशीनवर हात ठेवायचा धीर होणार नाही. पण सासूबाईंना अडवणं त्यांना कधी जमलं नव्हतं, त्यांच्या वडिलांनाही जमलं नव्हतं.

मग मी ठरवलं की समोरच्या प्लॉटवर बाग झाली पाहिजे. कॉलनीला मी सांगितलं की सर्वांच्या आरोग्यासाठी बाग हवी. आजोबांना सांगितलं की आईंना चार माणसं भेटतील. मनाशी म्हटलं की संध्याकाळचे दोन तास तरी स्वयंपाकघर माझं राहील. तिन्ही कारणं खरी होती, फक्त मनातला क्रम उलटा होता. सासूबाईंना आम्ही म्हटलं की बाग होईपर्यंत थांबा. त्या म्हणाल्या, बघू.

अर्ज अर्थात मी लिहिले. आमच्या नगरसेवकांनी पहिला अर्ज शांतपणे पूर्ण वाचला आणि विचारलं, "मॅडम, हाच मराठीत मिळेल का?" तो मराठीतच होता. पुढचे अर्ज आजोबांनी लिहिले, म्हणून काम झालं. प्लॉटला जाळीचं कुंपण आलं, फाटक आलं, पाण्याची जोडणी आली, आणि आतली रचना व देखभाल कॉलनीच्या समितीने बघावी असं ठरलं. समितीच्या सचिवपदासाठी मी एकटीच उत्सुक होते. निवडणूक बिनविरोध झाली.

माझ्या डोक्यात इंग्रजी पुस्तकांतली बाग होती. सरळ वाटा, मधोमध हिरवळ, आणि एकमेकांपासून लांब ठेवलेली बाकं, ज्यांवर एकेकटं माणूस निवांत बसून विचार करतं. आमच्या नाशिकात कुणी एकटं बसून विचार करताना दिसलं तर लोक जवळ येऊन विचारतात की काय झालं, बरं नाही का वाटत? हे मला माहीत असायला हवं होतं. मी इथेच राहत होते. पण मी पट्टी-पेन्सिल घेऊन आराखडा काढला. सगळी बाकं एका रांगेत, सगळ्यांची तोंडं पुढच्या गुलाबांच्या वाफ्यांकडे. ती कुणी हलवू नयेत म्हणून पाय सिमेंटमध्ये बसवून घेतले. गुलाब का, तर नाशिकला पूर्वी गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं शहर, म्हणत. हे मी प्रत्येक सभेत सांगायचे. पुढेपुढे मी बोलायला उभी राहिले की मागून कुणीतरी आधीच 'गुलशनाबाद' म्हणायचं.

कोपऱ्यातला लिंब माझ्या आराखड्याचा तोल बिघडवत होता. तो काढावा असं मी सुचवलं. आजोबा म्हणाले की झाड तोडायला वेगळा अर्ज करावा लागेल. समितीतल्या सगळ्यांनी एकदम लिंबाची बाजू घेतली.

आणि मग पाटी. हिरवळीवर चालू नये. फुले तोडू नयेत. खेळू नये. खाद्यपदार्थ आणू नयेत. वाळवण घालू नये. बाग सकाळी व सायंकाळी उघडी राहील, दुपारी बंद. आजोबांनी पाटी दोनदा वाचली आणि विचारलं की श्वास घेतलेला चालेल का. फाटकाच्या कुलपाची चावी आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकू लागली.

सासूबाईंना मी पहिल्या संध्याकाळी मोठ्या अभिमानाने घेऊन गेले. त्या बाकांच्या रांगेसमोर उभ्या राहिल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "ही तर यष्टीची शिटं मांडली तू. समद्यांची तोंडं एकीकडं. ड्रायवर कुठं बसनार?"

त्या बाकांवर खरंच कुणी बसेना. माणसं यायची, वाटेने एक फेरी मारायची आणि फाटकापाशी उभी राहून गप्पा मारायची. मी त्यांना आत जाऊन बसायला सांगायचे. ती जायची, दोन मिनिटं शिक्षा झाल्यासारखी रांगेत बसायची, मी वळले की पुन्हा फाटकाशी.

एक दिवस शाळा लवकर सुटली. दुपारची वेळ, बाग नियमानुसार बंद. फाटक उघडं होतं. आत माझ्या हिरवळीवर, बरोबर मधोमध, जुन्या लुगड्यांचे थर अंथरलेले आणि चार कोपऱ्यांवर चार बायका बसलेल्या. सासूबाई गोधडी शिवत होत्या.

तुम्ही गोधडी पाहिली आहे, शिवताना पाहिलेली नाही. जुन्या सुती साड्यांचे थर एकावर एक सपाट पसरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, आणि चौघींनी चार कोपरे धरून कडेकडेने आत टाके घालत यायचं. त्याला मोठी सपाट जागा लागते, आणि कॉलनीतल्या घरांत ती कुठेच नव्हती. हॉलमध्ये सोफे होते, गच्ची तापायची. चौघींना वेळ मिळायचा तो दुपारी, म्हणजे मी बाग बंद ठेवलेली असायची तेव्हा. चावी सासूबाईंनी खिळ्यावरून काढली होती. ती त्यांच्याच घरात तर होती.

दुसऱ्या कोपऱ्यावर सटाण्याकडच्या एक आजी होत्या, त्यांचा मुलगा आजोबांबरोबर कारखान्यात. त्या अहिराणी बोलायच्या. तिसऱ्या सिन्नरकडच्या. चौथ्या आमच्या शेजारच्या काकू, त्यांचे यजमान नुकतेच बँकेतून निवृत्त झालेले. मी पाटीकडे बोट दाखवलं. सिन्नरच्या बाईंना वाचता येत होतं, त्यांनी पहिला नियम मोठ्याने वाचला.

सासूबाई म्हणाल्या, "मंग? आम्ही कुठं चालतोय? आम्ही बसलोय."

सटाण्याच्या आजींनी मान वर न करता शेजारणीला विचारलं, "मास्तरीन शे का पोलीस शे?"

मी घरी येऊन चहा केला. डबे वासाप्रमाणे लावलेले होते.

पण हेही सांगायला हवं की सासूबाई जेवायला लागल्या. पायरीवर बसून गाव विचारायला त्यांना आता फुरसत नव्हती. कुणाच्या नातवाचं बारसं आलं की दुपटी, कुणाची मुलगी सासरी निघाली की गोधडी. जुनेर घेऊन बायका त्यांना शोधत यायच्या. आखाजी आली. चौघींनी लिंबाला दोर टाकून झोका बांधला, गाणी म्हणत आलटून पालटून बसल्या, आणि गावाला जायची गोष्ट कुणी काढली नाही. मीही त्या दिवशी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पाटीवर झोक्याबद्दल एक ओळ रंगवून घेतली.

अशी काही वर्षं गेली. बाहेर द्राक्षांचे मळे जाऊन इमारती आल्या. मी हिरवळीवरचे गोधडीच्या आकाराचे पिवळे डाग मोजत बसायचे आणि सासूबाई डागांवर नवी गोधडी अंथरायच्या. पुढे त्यांचे गुडघे धरले, साखर वाढली. फाटकापर्यंत जायला काठी लागायची, पण जायच्या.

मग हॉलचा विषय निघाला. काढला तो शेजारच्या काकांनीच, ज्यांच्या बायकोकडे गोधडीचा चौथा कोपरा होता. माणूस सज्जन. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं, मंगल कार्यालयं लांब आणि महाग. कॉलनीचा स्वतःचा हॉल असावा असं त्यांना वाटलं, आणि पुष्कळांना पटलं. जागा कुठली, तर बागेची. त्यांचा मुद्दा असा की बाग कुणी वापरतच नाही. बाकांवर कधी माणूस बसलेला पाहिला आहे का कुणी? खरं तर मीही पाहिला नव्हता. गोधडीला ते वापर धरायला तयार नव्हते. नियमाविरुद्ध केलेली गोष्ट वापर कशी होईल, असं ते म्हणाले. नियम कुणी केले होते ते सगळ्या सभेला ठाऊक होतं.

अर्ज गेला आणि पालिकेचे एक साहेब जागा बघायला येणार असं ठरलं. बाग वापरात असेल तर राहील, नसेल तर हॉलचा विचार होईल.

सासूबाईंना हे काकूंकडून कळलं. रात्री जेवताना त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "हॉल झाला तर मी जाते. इथं ती बाग हाय म्हनून मी हाय."

त्या वयात, त्या गुडघ्यांनी, त्या साखरेवर त्या गावच्या बंद घरात एकट्या राहिल्या तर काय होईल हे आम्हा दोघांना कळत होतं, आणि त्यांनी पेटी उचलली की धरणारं कुणी नाही हेही. आजोबा एवढंच म्हणाले, "तू सचिव आहेस. काहीतरी कर."

मी केलं. आता तुमचे बाबा थांबतील, त्यांना थांबू देऊ नका.

साहेबांसमोर बाग उत्तम दिसली पाहिजे असं मी ठरवलं. आदल्या दिवशी बाकं धुऊन घेतली, वाटा झाडल्या, वाळलेली फुलं काढली. मग घरोघर जाऊन सांगितलं की उद्या सकाळपासून कृपा करून कुणी बागेत येऊ नका. मुलांना बजावलं, बॅट दिसता कामा नये. दळणाआधी गहू उन्हात टाकणाऱ्यांना सांगितलं, उद्या नको. सासूबाईंना आणि त्यांच्या मैत्रिणींना तर सक्त ताकीद दिली. कॉलनीने माझं इतकं काटेकोर त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

सकाळी खळ लावलेली साडी नेसून मी फाटकात उभी. काका आले. साहेब आले. शांत गृहस्थ, हातात फाईल. मी त्यांना इंग्रजीत बाग दाखवायला सुरुवात केली आणि गुलशनाबादपर्यंत पोहोचले. ते सगळी वाट चालले. झाडलेल्या मातीवर त्यांच्या बुटांचे ठसे तेवढे उमटले. हिरवळ हिरवी, बाकं कोरडी स्वच्छ, एक चिमणी. ते परत फाटकाशी आले.

"बाई, बाग सुंदर ठेवली आहे," ते मराठीत म्हणाले. "पण इथे येतं कोण?"

"सगळे येतात," मी म्हटलं.

"आता कुठे आहेत?"

"आज मी त्यांना घरी बसायला सांगितलंय."

"का?"

"तुम्ही येणार म्हणून."

काकांना खोकला आला. बराच वेळ आला. साहेबांनी फाईल मिटली आणि म्हणाले की मी परत एकदा येईन, दिवस सांगणार नाही. निघताना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आणि मॅडम, तुम्ही काही तयारी करू नका."

घरी आले तर रजा घेऊन थांबलेल्या आजोबांना सगळं आधीच कळलं होतं. खिडक्यांना कान लावून बसलेल्या अर्ध्या कॉलनीला कळलं होतं. सासूबाईंनी तुमच्या बाबांकडून माळ्यावरची पेटी खाली काढून घेतली, पुसली आणि आपली लुगडी घडी करून तिच्यात ठेवायला लागल्या.

मी पुन्हा घरोघर गेले. आता या, म्हटलं, बसा, गहू वाळत घाला, काय हवं ते करा. लोक फार समजूतदारपणे वागले. म्हणाले, पुन्हा पाहणी आहे होय? काळजी करू नका मॅडम, आम्ही घराबाहेर पडणार नाही. मी म्हटलं, तसं नाही, खरंच या. ते हसून दार लावून घ्यायचे. मुलांनी विचारलं की खेळायचं ते चेंडूने की चेंडूशिवाय. इतकी वर्षं ज्यांना हाकललं त्यांना दोन दिवसांत विश्वास कसा बसावा? संध्याकाळी बागेत मी एकटीच एका बाकावर बसून विचार करत होते. अखेर एका माणसाने तरी माझी बाकं माझ्या कल्पनेप्रमाणे वापरली.

घरी येऊन मी सासूबाईंच्या पेटीशेजारी खाली बसले आणि विचारलं, "आई, माझं कुणी ऐकत नाही. काय करू?"

त्या लुगड्याची घडी घालता घालता म्हणाल्या, "तू सांगनं थांबव. आन ती पाटी काढ."

पाटीचे स्क्रू मी मुद्दाम न गंजणारे आणि सहज न निघणारे घेतले होते. ते निघता निघेनात. आजोबांनी कारखान्यातले दोन मित्र बोलावले, पाटी काढली आणि हात लागलाच आहे तर म्हणून पहारीने दोन बाकं सिमेंटमधून उपटून लिंबाखाली समोरासमोर बसवली. आयुष्यभर केसाएवढ्या फरकावर विमानाचे भाग नाकारणाऱ्या त्या तिघांनी बाकं इतकी तिरकी बसवली की त्यांवर बसलेलं माणूस हळूहळू शेजाऱ्याकडे सरकतं. मी पट्टी आणायला निघाले होते. आजोबांनी नुसतं बघितलं. मी पट्टी आणली नाही. कुलूपही काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी पेटी उघडली. गावाला न्यायला ठेवलेली लुगडी बाहेर काढली, खांद्यावर टाकली, काठी घेतली आणि बागेत जाऊन ती हिरवळीवर एकेक करून अंथरली. मी सुट्टी टाकून घरीच होते, खिडकीतून बघत होते. त्या एकट्याच एका कोपऱ्याला बसल्या आणि टाके घालायला लागल्या. बराच वेळ कुणी आलं नाही. मग सटाण्याच्या आजी आल्या, आपलं दाभण घेऊन. मग सिन्नरच्या. शेजारच्या काकूंनी तर येताना भर म्हणून काकांची धोतरं आणली. जुनी होती की नाही, याबद्दल त्यांच्या घरात नंतर मतभेद झाले. आठवड्याभरात चेंडू आले, गहू आले, संध्याकाळी तिरक्या बाकांवर म्हातारे एकमेकांकडे सरकत बसायला लागले. मी कुणाला काही सांगितलं नाही. त्या आठवड्यात माझं वजन घटलं.

साहेब आले तेव्हा मी शाळेत होते. म्हणूनच सगळं नीट झालं असं कॉलनीचं मत आहे. पुढचं मी सासूबाईंकडून आणि काकूंकडून ऐकलं आहे. ते दुपारी फाटकातून आत आले आणि गोधडीशी थांबले. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या की पाय देऊ नको, आणि नंतर विचारलं, कुठलं गाव? त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं नाही. ते सुरगाण्याकडच्या डोंगरातले निघाले. भात-नागलीची काढणी झाली की त्यांची आई गोधडीत भांडी गुंडाळून, पोरांना घेऊन जीपमध्ये बसायची आणि हंगामाच्या कामाला खाली उतरायची. गोधडी हेच घर, असं ते म्हणाले. सासूबाईंनी त्यांना बसवून घेतलं आणि तुझे डोळे तरणे हाईत म्हणून सुया ओवायला दिल्या. फाईल बाजूला ठेवून त्यांनी ओवल्या.

निघताना त्यांनी विचारलं, हॉल झाला तर तुम्ही कुठे बसाल?

"कुठं नाय," सासूबाई म्हणाल्या. "मी गावाला जाईन."

"मग ही गोधडी?"

"ऱ्हाईल अर्धी."

साहेबांनी वर काय लिहिलं ते मला माहीत नाही. निर्णय आला तो असा की पुढच्या रस्त्याकडच्या भागात एक लहान हॉल व्हावा आणि मागची बाग बाग म्हणून राहावी. पुढच्या भागात माझे गुलाबांचे सगळे वाफे होते, सरळ वाटा होत्या आणि उरलेली सगळी बाकं. ते गेलं. मी काही दिवस फुगून होते. आजोबा म्हणाले, "तुझ्या बागेतलं जे कुणी वापरत नव्हतं तेवढंच गेलं." काकांचा हॉल लग्नासाठी फारच लहान निघाला. मुलीचं लग्न त्यांनी लांबच्या कार्यालयातच लावलं, आणि आहेरात सासूबाईंनी ती गोधडी दिली. त्यात काकांची धोतरं होतीच.

सासूबाईंनी पेटी पुन्हा माळ्यावर चढवायला सांगितली. त्या आणखी सात-आठ वर्षं आमच्याकडे राहिल्या, नाशिकातच, आपल्या अंथरुणावर गेल्या. शेवटच्या पावसाळ्यापर्यंत त्यांना खुर्चीत बसवून लिंबाखाली न्यायचं काम आजोबांचं होतं. मी निवृत्त झाल्यावर एका कोपऱ्यावर मलाही घेतलं गेलं, शिकाऊ उमेदवार म्हणून. माझे टाके अगदी सरळ असायचे, पण लांब लांब. सासूबाई ते न बोलता उसवायच्या आणि परत घालायला द्यायच्या. वह्या तपासून परत देणारी मी, मला ते वागणं ओळखीचं होतं.

आता सटाण्याच्या आजी नाहीत, काका नाहीत, आजोबा नाहीत. गुलाब एकही नाही. गोधडी बागेत कुणी शिवत नाही. दुलया दुकानात मिळतात. हॉलमध्ये लसीकरण आणि वाढदिवस होतात. मागची बाग आहे. लिंब आहे. त्याच्याखाली दोन तिरकी बाकं समोरासमोर आहेत. फाटकाला कुलूप नाही, आणि दुपारी तिथे बायका बसलेल्या असतात.